दाराला लावलेला दगड

रत्नागिरीतल्या फ्रीमेसन नावाच्या गुप्त संघाच्या मंडळींनी मला कधी आत बोलावलं नाही याचा मला राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांच्याबद्दल काही वाकडं बोललो, तर त्यातलं रागाचं किती आणि खरं किती हे तुमचं तुम्ही ठरवा.

त्यांचा बंगला किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कड्याच्या अलीकडे होता. कागदोपत्री त्याला लॉज म्हणत. गाव म्हणे भुताचा बंगला. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी कलेक्टरसाहेब, कस्टमचे साहेब, आगबोटीचे पारशी एजंट, एक मुसलमान डॉक्टर आणि आमच्यातले दोन वकील तिथे जमत, खिडक्या लावून घेत, आणि दाराबाहेर केरू नागवेकर नागवी तलवार घेऊन उभा राही. आत काय चालतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते सांगणारे गल्लोगल्ली होते. कुणी म्हणे, आत माणसाची कवटी पुजतात. कुणी म्हणे, नव्या माणसाला बोकडावर बसवून फिरवतात. बाजाराला जाणाऱ्या बायका त्या फाटकापाशी भराभर पावलं उचलत. मी तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, रोज संध्याकाळी त्याच रस्त्याने फिरायला गेलो, आणि एकदाही कुणी "मास्तर, या आत" म्हटलं नाही. बोकडावर बसायला मी तयार होतो.

मग एकेक साहेब बदलून गेला, डॉक्टर वारले, पारशी एजंट मुंबईला गेले, आणि १९३३च्या पावसाळ्यानंतर गावात त्यांच्यातले एकटे सखारामपंत शेवडे वकील उरले. पंचाहत्तरीचे, रावसाहेब किताबाचे, कोर्टात नाव काढलेले. त्यांनी बंगला विकायला काढला आणि आतलं सामान आमच्या वस्तुसंग्रहाला देऊन टाकलं. वस्तुसंग्रह म्हणजे वाचनालयाची मागची खोली. गाव तिला अजबखाना म्हणे. तोवर तिथे अंजनवेलच्या गोपाळगडावरून आणलेले दोन तोफगोळे, देवमाशाचा एक मणका आणि पडाव नावाच्या मोठ्या होडीची लाकडी प्रतिकृती एवढीच दौलत होती. निवृत्त झाल्यावर मला ठळक अक्षर काढता येतं या गुणावर त्या खोलीची व्यवस्था माझ्याकडे आली.

सामान बैलगाडीतून आलं, आणि गाडीमागून चालत केरू आला. बंगला बंद झाल्यावर त्याचं काम सुटलं होतं. वाचनालयाला झाडलोट करायला आणि दारावर बसायला माणूस हवा होता, तो आम्ही ठेवून घेतला. साठीकडे झुकलेला, काटक, बोलणं मोजकं. चोवीस वर्षं त्याने त्या दारावर काढली होती.

पेट्या उघडल्या तेव्हा माझी निराशा झाली. कवटी निघाली नाही. निघाली ती गवंड्याची हत्यारं: गुण्या, ओळंबा, लाकडी मोगरी, एक मोठा कंपास. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची एक जाड सतरंजी. तीन उंच पाठीच्या खुर्च्या. कमरेला बांधायचे मेंढीच्या कातड्याचे पांढरे एप्रन, आणि तेही सोवळ्यातल्या सखारामपंतांनी बांधलेले. कलेक्टरसाहेब दारं लावून गवंडीकाम करत होते की काय, असा मला प्रश्न पडला. हे सगळं कसं मांडायचं ते विचारायला मी शेवड्यांकडे गेलो.

"सांगता येणार नाही," ते म्हणाले. "माहीत नाही असं नव्हे हो. शपथ आहे. तुमच्या डोक्याने मांडा."

मग मी माझ्या डोक्याने मांडलं. सतरंजी मध्ये, खुर्च्या तीन बाजूंना, हत्यारं टेबलावर. एक सुरेख घडीव चिरा निघाला होता, चारी कोपरे काटेकोर, हात फिरवावा असा गुळगुळीत. तो मी उजवीकडच्या खुर्चीपाशी छोट्या चौरंगावर ठेवला आणि खाली लिहिलं, 'जांभ्याच्या घडाईचा नमुना'. दुसऱ्या पेटीच्या तळाशी जांभ्याचाच एक ओबडधोबड दगड होता, खाणीतून उचलून आणावा तसा. पेटी गाडीत हलू नये म्हणून टाकला असणार. आमच्या गावात दगडाला काय तोटा! अंगणात जांभा, विहिरीत जांभा, कुंपणाच्या वईला जांभा. त्या खोलीचं दार समुद्रावरच्या वाऱ्याने सारखं आपटायचं, म्हणून तो दगड मी दाराला लावला. पहिल्यांदाच दार गप्प बसलं, आणि मी स्वतःवर खूश झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार आपटत होतं, आणि दगड आत डावीकडच्या खुर्चीपाशी होता.

झाडताना केरूने सरकवला असेल असं म्हणून मी तो पुन्हा दाराला लावला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा खुर्चीपाशी. चौथ्या दिवशी खाली फडकं घालून, नीट तोंड वळवून ठेवलेला. आठवडाभर हा खेळ चालला. केरू तोंडाने काही बोलेना, मीही चिडून काही विचारीना. शेवटी एकदा दाराचा कोपरा माझ्याच कपाळाला लागला, आणि मी केरूला हाक मारली.

"हा दगड आत कोण नेतो?"

"मी नेतंय."

"का?"

केरू हातातली केरसुणी बघत राहिला. "तो दाराशी ठेवायचा नाय, मास्तरानू."

"अरे, पण का नाय? दगडच आहे ना तो? बाहेर पडलेत त्यातलाच!"

"सांगता येनार नाय," तो म्हणाला.

मला पुढे रागवायचं होतं, पण ते वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. शेवडे वकिलांनी नेमकं हेच म्हटलं होतं. हेच वाक्य, आणि चेहऱ्यावर तोच बंद दरवाजा. साहेब लोक तिथे ठेवायचे म्हणून मी ठेवतो, मला काय कळतंय, असं कुठलाही पट्टेवाला म्हणाला असता. केरूला कळत होतं, आणि तो सांगत नव्हता. शपथ घेतलेल्या माणसाशिवाय असं कोण बोलेल?

बाहेर पहारा देणाराही त्यांच्यातलाच लागत असला पाहिजे, हे मला त्या क्षणी सुचलं. आणि पावसात, वाऱ्यात दाराबाहेर उभं राहायला कुणी साहेब तयार होणार नाही, हेही उघड होतं. म्हणजे त्यांनी दारासाठी केरूला आत घेतला होता. मला तीस वर्षं कुणी विचारलं नाही, आणि केरू त्यांच्यात होता! हेवा वाटला, हे कबूल करतो. दगड उचलून मी स्वतः डाव्या खुर्चीपाशी ठेवला. केरूने तो वीतभर पुढे सरकवला, दोन पावलं मागे जाऊन बघितलं, आणि केर काढायला गेला.

सामानात एक मोठा फोटो होता, १९२४ सालचा. बंगल्याच्या पायऱ्यांवर अकरा माणसं एप्रन बांधून ओळीने, आणि अगदी कडेला, दाराच्या खांबाशी, तलवार धरून केरू. त्याच्या कमरेलाही एप्रन होता, पण खांबाच्या सावलीत तो दिसत नव्हता. भिंगाने बघितला तेव्हा मला दिसला. खालच्या पट्टीसाठी शेवड्यांनी नावांची यादी पाठवली होती. अकरा नावांआधी 'बंधू' लिहिलेलं, सभासद एकमेकांना तसंच म्हणत असावेत. बारावी ओळ अशी: 'तलवार घेतलेला, पट्टेवाला'.

मी ती पट्टी रंगवत होतो तेव्हा केरू मागे येऊन उभा राहिला. त्याला सहीपुरतं वाचता येत होतं.

"मास्तरानू, त्यात माजा नाव काय लिवलाव?"

त्याने आजवर माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. आताही मागत नव्हता, नुसतं विचारत होता. मी म्हटलं, अजून लिहायचं आहे. तो मान हलवून गेला.

दुपारी त्याची बायको सगुणा पेजेचं भांडं घेऊन आली. मोठ्या आवाजाची, हसरी बाई. या बाईने भुताच्या बंगल्यापायी कमी सोसलं नव्हतं. तिचा नवरा कवट्या धुतो असं विहिरीवर बायका म्हणत, आणि ती आली की घागर उचलून बाजूला होत. आत येऊन तिने खोलीभर नजर फिरवली.

"कवटी खंय हाय, मास्तरानू?"

"नव्हतीच."

"बगा! आन् मी ऱ्हायले बोलनी खात." ती पायरीवर बसली. "ह्यांना इचारलं तर दातखिळी. चोवीस वर्सांत येकदाच बोलले. पयल्या दिवशी घरी आले, तोंड फुललेला, नि म्हनाले, सगुना, आत मी त्येंचा भाव हाय. कलेक्टरचा पाटचा भाव! मी मेली हसून हसून लोळले. म्हटलं, भाव हाय तर मग पायरीवर का जेवतांव? तवापासून जो गप ऱ्हायलाय हा मानूस." आणि ती पुन्हा हसली, अगदी मोकळेपणी.

केरू खिडकीशी पाठमोरा उभा होता. पेज निवत चालली तरी त्याने मागे वळून बघितलं नाही. मला वाईट वाटलं. चोवीस वर्षांत माणसाने आपल्या बायकोला एक अभिमानाची गोष्ट सांगितली, ती खरी होती, आणि ती तिने थट्टेवारी नेली होती. आता सबंध गावासमोर मी त्या फोटोखाली 'पट्टेवाला' लिहिणार, आणि तिचं हसणं खरं ठरणार होतं. केरू मला काय विचारत होता ते तेव्हा मला कळलं.

मी तसाच उठून शेवड्यांकडे गेलो. ते पडवीत सुपारी कातरत बसले होते.

"केरू तुमच्यातला होता का?" मी सरळ विचारलं.

"सांगता येणार नाही. हयात बंधूचं नाव दुसऱ्याने फोडायचं नाही, असा नियम आहे."

"पारशी एजंट मुंबईत धडधाकट आहेत. त्यांचं नाव यादीत आहे."

अडकित्ता थांबला. त्यांनी तो तबकात ठेवला.

"नातीचं लग्न आहे वैशाखात," ते म्हणाले. "व्याही सावर्ड्याचे, कर्मठ. साहेबाच्या पंक्तीला बसलो हे लोकांनी पचवलंनी, त्यात मोठेपणा दिसतो. पारशी, मुसलमान, तेही चाललं, शिकलेले होते. केरूसारख्या भंडारी जातीच्या माणसाला भाऊ म्हटलंन् म्हटल्यावर चालेल का? तुम्हीच सांगा, मास्तर. पट्टेवाला लिहा. त्यात खोटं काय आहे? होताच तो पट्टेवाला."

खोटं काही नव्हतं खरं, म्हणून मी उठलो. वाटेत मी स्वतःशी भांडत आलो. यादीवर शेवड्यांची सही होती, आणि तीत 'पट्टेवाला' होतं. केरू बोलणार नव्हता, शेवडे बोलणार नव्हते, आणि मी तर बाहेरचा. माझ्या अंदाजाने 'बंधू' लिहिलं तर उद्या वाचनालयाची कमिटी विचारणार, कशावरून? एप्रन काय, पट्टेवाल्यालाही बांधायला दिला असेल. अकरा नावं 'बंधू' लावून लिहिली, आणि बाराव्या जागी नुसतं 'केरू नागवेकर' लिहिलं. पट्टेवाला मी गाळला. केरूने ते बोट फिरवून वाचलं. "बरा हाय," तो म्हणाला. पण बरं नव्हतं, हे त्यालाही दिसत होतं आणि मलाही.

माघात एका रविवारी सकाळी शेवड्यांच्या हस्ते मांडणी खुली झाली. भुताचा बंगला बघायला गाव लोटलं. पुरुष खुर्च्यांवर, बायका खिडकीच्या बाजूला उभ्या, त्यांत सगुणा आणि तिची शेजारीण मैना. केरूला मी आत ये म्हटलं, पण तो सवयीने दाराबाहेर जाऊन उभा राहिला. तलवार मी आतल्या टेबलावर मांडली होती.

शेवड्यांनी उंच पाठीच्या खुर्चीत बसून भाषण वाचलं. परोपकार, सचोटी, आपण सारे एका बापाची लेकरं, वगैरे. अशा ठिकाणी जे बोलतात ते सगळं होतं, आणि लोक कवटीच्या आशेने इकडेतिकडे बघत होते. वाचता वाचता त्यांची नजर डावीकडे गेली. ते थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"मास्तर, हा अनघड दगड इथे कुणी ठेवलान्?"

"केरूने."

"इथेच ठेवायचा, हे तुम्हाला सांगितलंन्?"

"नाही. आठ दिवस मी त्याच्याशी भांडलो. सांगता येणार नाही म्हणाला. तेवढंच."

"आणि ती बारावी ओळ? त्याने वाचलीन्?"

"वाचली. बरा हाय म्हणाला."

शेवड्यांनी खुर्चीच्या हातांवर हात टेकले आणि डोळे मिटले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भोवळ आली. कुणीतरी पाण्यासाठी उठलं. मग ते स्वतःच उठले, काठीशिवाय चालत दारापाशी गेले, दार लावलं, आणि आतून बोटांच्या पेरांनी तीनदा ठोठावलं.

बाहेरून, जरा वेळाने, तीनदा ठोठावल्याचा आवाज आला.

त्यांनी दार उघडलं. "बंधू केरू," ते म्हणाले, "आत या."

आमच्या गावात रावसाहेब शेवडे केरूला 'या' म्हणतात हे कुणी ऐकलेलं नव्हतं. केरू उंबऱ्याबाहेर ताठ उभा होता. आवाज नेहमीचाच होता.

"मी आत आलो तर भायेर कोन?"

शेवड्यांनी मागे वळून टेबलावरची तलवार उचलली. पंचाहत्तरीच्या हाताला ती जड झाली, टोक फरशीला घासलं. ते उंबरा ओलांडून बाहेर गेले आणि केरूच्या जागी, खांबाशी पाठ लावून उभे राहिले.

"तुम्ही बसा जा. आज मी आहे."

केरू आत आला. पायातल्या वहाणा त्याने बाहेर काढल्या होत्या. चोवीस वर्षं ज्या खुर्च्या पुसल्या त्यांतल्या डावीकडच्या खुर्चीत, त्या दगडाशेजारी, तो बसला. खुर्चीच्या काठावर नाही, नीट पाठ टेकून. पुढच्या रांगेतले दोघेजण उठून निघून गेले. दारातून जाताना त्यांना शेवड्यांच्या तलवारीला वळसा घालावा लागला.

पुढचं इथेच सांगून टाकतो. नातीचं लग्न झालं. सावर्ड्याची तीन घरं पंक्तीला आली नाहीत, आणि शेवड्यांच्या उपाध्यायाला चातुर्मासभर नेमका त्यांच्या घरच्या पूजेच्या दिवशी ताप येत राहिला. त्यानंतर एकदा शेवडे मला म्हणाले, "नियम म्हणून मी तुमच्याशी बोललो, मास्तर, पण तो नियम नव्हता. माझी सोय होती. शपथ खरी पाळलीन् ती त्याने." हे बोलताना त्यांना जड गेलं, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यावरचा राग सोडला. लॉजवरचा नाही.

तर त्या सकाळी लोक उठून मांडणी बघायला लागले तेव्हा मी दौत आणि कुंचला घेऊन फोटोखाली बसलो. 'केरू नागवेकर'च्या आधी मी जागा सोडली नव्हती. समासाच्या चिंचोळ्या पट्टीत 'बंधू' कोंबावं लागलं, आणि तीस वर्षं मुलांची अक्षरं सरळ करणाऱ्या माझ्या हातून ते वाकडं आलं. 'धू' शिरोरेषेखाली घसरला. खोडायचं कसं, या विचारात मी होतो, तोच सगुणा शेजारी येऊन उभी राहिली. आज ती हसत नव्हती.

"ह्यांचा नाव खंयचा?"

मी बोट ठेवलं.

"वाचा."

"बंधू केरू नागवेकर."

तिने मागे वळून खुर्चीत बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं, मग बाहेर तलवार धरून उभ्या असलेल्या वकिलांकडे, आणि मग त्या ओल्या शाईकडे.

"खरां सांगत व्हते हो ते," ती म्हणाली. "नि मी हसले."

मी कुंचला पुसू लागलो. तिने पदराने डोळे टिपले आणि फोटोच्या आणखी जवळ सरकली.

"मास्तरानू," ती म्हणाली, "परत येकदा वाचा. त्येंना आयकू जाईल असा वाचा."